अकरावं प्रकरण गाळलं, शरयूकाकू

शरयूकाकू, अन्याय तुमच्यावर झाला. परवाच्या गुरुवारी, संध्याकाळी साडेसात वाजता, पुंगोल उपनगरातल्या एका कॉन्डो सोसायटीच्या फंक्शन रूममध्ये. तुम्हाला जाऊन तेव्हा नऊ दिवस झाले होते. आपल्या शनिवारच्या वाचनमंडळाच्या कार्यकारिणीतल्या सहा जणांनी तुमच्या फोटोला हार घातला, दोन मिनिटं उभे राहिले, खाली बसले आणि तुमच्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण कापून टाकलं. पाच विरुद्ध एक. तो एक हात माझा.

ठराव असा झाला की शरयूताईंच्या स्मरणार्थ 'तिसरा खण' ही कादंबरी दहा प्रकरणांत पुस्तकरूपाने काढावी. दहा प्रकरणांत. जणू तुम्ही दहाच लिहिली होती.

आपले अध्यक्ष केळुसकर म्हणाले, "दहाव्यात कशी छान संपते. मुलं सुटतात. वाचणाऱ्याला बरं वाटतं."

मी म्हटलं, "बरं वाटावं म्हणून काकूंनी लिहिली नव्हती."

"मग कशासाठी लिहिली होती, ते तुला बोलल्या होत्या का?"

"हो."

"मग सांग की."

आणि मी गप्प बसले. कॉलेजात असल्यापासून पत्रकं लिहिणारी, कुणाच्याही तोंडावर बोलणारी मी, गप्प बसले. का बसले, ते आज लिहिते आहे. तुम्हाला उद्देशून लिहिते आहे, पण मंडळाच्या सगळ्या घरांत हे पाठवणार आहे. त्यामुळे तुमचीच गोष्ट तुम्हाला सांगायला लागले तर हसू नका. सगळ्यांनी वाचलेली नाही.

हॉलंडमधलं एक लहान शहर. नाझींचा अंमल. नगरपालिकेच्या नोंदणी कचेरीत हेंड्रिका नावाची कारकून बाई. शहरातल्या प्रत्येक माणसाचं एक कार्ड तिच्या खणांत आहे आणि ज्यूंची कार्डं वेगळी काढून द्या असा हुकूम आला आहे. हेंड्रिका नाही म्हणत नाही. ती काढून देते, पण तिसऱ्या खणातली अकरा कार्डं, अकरा लहान मुलांची, बदलून टाकते. त्यांच्या जागी, वारलेल्या पण ज्यांच्या मरणाची नोंद अजून व्हायची आहे अशा मुलांची नावं येतात. मग ही अकरा मुलं शहरातल्या माळ्यांवर, तळघरांत राहतात, आणि दहाव्या प्रकरणात धोब्याची गाडी त्यांना शहराबाहेरच्या शेतांवर न्यायला निघते.

तुम्ही आयुष्यात कधी हॉलंडला गेला नव्हतात. पण कागद तुम्हाला माहीत होता. वीस वर्षं इथल्या एका कंपनीत परदेशी कामगारांचे इथे राहून काम करायचे पास काढण्याचं काम केलंत. मी पुण्याहून या देशात नवी आले तेव्हा कुणीतरी म्हणालं, फॉर्म भरायचाय? यिशुनच्या शरयूकाकूंकडे जा. मी गेले. तुम्ही माझा फॉर्म हातात घेतलात, पेन्सिलीने चार ठिकाणी टिंबं काढलीत आणि म्हणालात, "इतकं सुवाच्य लिहू नकोस. खोटं वाटतं."

मला वाटलं, थट्टा. सातवं प्रकरण वाचलं तेव्हा कळलं. जर्मन अधिकारी कचेरीत येतो, तिसरा खण टेबलावर उपडा करायला लावतो आणि एकेक कार्ड उजेडात धरतो. तो खोटी कार्डं ओळखू शकत नाही, कारण हेंड्रिकाने प्रत्येक खोट्या कार्डावर एक खाडाखोड केलेली आहे. खऱ्या कार्डांवर ती असतेच. कारकून दमलेला असतो, शाई पसरते, जन्मतारखेतला एक आकडा गिरवलेला असतो. खोटं पकडलं जातं ते फार नीट असतं म्हणून. हे कुठल्या पुस्तकातून आलेलं नव्हतं. हे तुमच्या टेबलावरून आलेलं होतं, जिथे दर सोमवारी फॉर्मांचा ढीग पडायचा. कादंबरीही तुम्ही चुकलेल्या फॉर्मांच्या कोऱ्या बाजूवर लिहिलीत. पान उलटलं की मागे कुणाचा तरी अर्धवट पत्ता.

तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला तेव्हा टाइप करायचं काम मी मागून घेतलं. क्वीन्सटाउनहून दर रविवारी तुमच्याकडे यायचे, लॅपटॉप उघडायचे, तुम्ही भिंग घेऊन पान लावून द्यायचात. आणि तिथे मी पहिला गुन्हा केला. चौथ्या प्रकरणात मी हेंड्रिकाला भाषण दिलं. दीड पान. कचेरीतल्या बायकांसमोर ती अन्यायाविरुद्ध एकजूट वगैरे बोलते. मी तुम्हाला ते वाचून दाखवलं, मुद्दाम भरभर.

तुम्ही थांबवलंत. "ही कोण?"

"हेंड्रिका."

"नाही गं. ही तू आहेस. डोक्याला रुमाल बांधून माझ्या कचेरीत शिरलीस आणि पत्रकं वाटायला लागलीस. पहिल्याच दिवशी पकडली जाशील आणि माझी अकरा पोरं मारशील. काढ ते."

मी काढलं. पण वाद संपला नाही. मी म्हणायचे, एकट्या हेंड्रिकाने काय होणार, सगळं शहर रस्त्यावर यायला हवं होतं. तुम्ही म्हणायचात, शहर आलं नाही ना रस्त्यावर, मग त्या दिवशी काय करायचं ते सांग. मी म्हणायचे, गुप्तपणा म्हणजे शेवटी गप्प बसणंच. तुम्ही म्हणायचात, कार्यकर्तीणबाई, गप्प बसणं आणि तोंड न उघडणं यांत फरक आहे, तो कळेल तुला कधीतरी. मग दुधाची गोड कोपी यायची, नारळाच्या जॅमचा कायाटोस्ट यायचा, आणि वाद पुढच्या रविवारवर जायचा. अजून तो तिथेच आहे, पुढच्या रविवारवर. मला अजूनही वाटतं की मी बरोबर होते. निदान अर्धी.

आणि मग अकरावं प्रकरण आलं.

धोब्याच्या गाडीत नऊच मुलं मावतात. दोघं बहीण-भाऊ मागे राहतात, पुढच्या गाडीसाठी. ती राहतात त्या इमारतीत खालच्या मजल्यावर कोर्नेलिया नावाची विधवा असते. भली बाई. जिना पुसते, मुलांना बिस्किटं देते. तिला वर कुणीतरी आहे हे माहीत असतं, आणि तिने ते आठ महिने कुणाला सांगितलेलं नसतं. एका सकाळी दारावर टकटक होते. गणवेशातला माणूस नाही, नगरपालिकेचा साधा माणूस, हातात फॉर्म. अगदी सभ्यपणे विचारतो, "बाई, वर कुणी राहतं का?" आणि ती सांगते. हो, दोन मुलं. धमकी नाही, बक्षीस नाही. तिला ज्यूंचा राग नाही. फॉर्म घेऊन कुणी विचारलं की खरं उत्तर द्यायचं, एवढीच तिची सवय. दुपारी मुलांना घेऊन जातात. ती परत येत नाहीत. संध्याकाळी ती जिना पुसते.

नाझींबद्दल मी शेकडो वेळा संतापले आहे. या बाईवर संतापताही येईना.

पण त्या पानाच्या अगदी वर, मथळ्याच्याही वर, तुमच्या हातची एक ओळ होती. "यातली कोर्नेलिया मी आहे."

मी म्हटलं, "हे काय? हे काढूया. कादंबरी कमजोर होते."

तुम्ही म्हणालात, "चल खाली." आपण खाली हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यांपाशी गेलो. दुपारची वेळ, पंखे फिरत होते, शेजारच्या टेबलावर दोन आजोबा पेपरवरून भांडत होते. तुम्ही मला दत्ताबद्दल सांगितलंत.

दत्ता सोलापूरकडचा. तुमच्या कंपनीत वेल्डिंग करायचा. त्याच्या हाताला मशीनवर इजा झाली आणि त्याने तक्रार केली. कंपनीने त्याचा पास रद्द केला. तक्रारीची सुनावणी होईपर्यंत तो एका मित्राच्या घरी राहिला होता, आणि ते घर तुम्हाला माहीत होतं, कारण तुम्हीच त्याला डबा पोचवत होतात. एका सकाळी मॅनेजरने तुम्हाला टेबलापाशी येऊन विचारलं, "शरयू, त्याचा पत्ता आहे का तुझ्याकडे? फाइलला लावायचाय." तुम्ही सांगितलात. घराच्या नंबरासकट. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या माणसांनी त्याला गाडीत घातलं आणि विमानात बसवलं. सुनावणी झालीच नाही.

"माहीत नाही म्हणाले असते तर काय झालं असतं?" तुम्ही मला विचारलंत. मी काही बोलणार, तेवढ्यात तुम्हीच उत्तर दिलंत. "काही नाही. मॅनेजर मान हलवून गेला असता. त्याला दुपारपर्यंत विसरही पडला असता."

मी लगेच पेटले. म्हटलं, काकू, हे तेच आहे. तीच यंत्रणा, तेच कागद. आणि तुम्ही माझ्यावर पहिल्यांदा खरंच चिडलात.

"तेच नाही. दत्ता जिवंत घरी गेला. आईच्या हातचं जेवला. ती दोन पोरं गेली ती गेलीच. या दोघांच्या मध्ये बरोबरचं चिन्ह घातलंस तर माझ्या घरी येऊ नकोस."

"मग ही ओळ कशाला लिहिली?"

"कारण दारातलं उत्तर तेच आहे. तिथे असते तर मी काय केलं असतं, हे मला इथे कळलंय. बाकी सगळ्यांना वाटतं आपण हेंड्रिका झालो असतो. मलाही वाटायचं."

काकू, आता ऐका. हे मी तुम्हाला सांगितलं नाही आणि आता सांगून उपयोग नाही. तरी.

ती ओळ मी टाइप केली नाही.

तुमची गोष्ट ऐकून घेतली, तुमचा हात धरला, कोपीचे कप उचलून ठेवले, वर आले आणि ओळ सोडून दिली. स्वतःला म्हटलं, एकच तर ओळ आहे. खरं कारण असं की ते प्रकरण मला हवं होतं. आपल्या लोकांसमोर धरायला. ती ओळ वर असली की बोट तुमच्याकडे वळत होतं, आणि मला ते त्यांच्याकडे वळवायचं होतं. दुसरं कारण सांगायला जास्त जड जातं. मला तुम्ही हेंड्रिकाच हव्या होतात. माझ्या ओळखीतल्या एकमेव.

पुढच्या शनिवारी मंडळात मी ते वाचलं. तुम्ही पहिल्या रांगेत होतात. वाचून खाली बसले तेव्हा तुम्ही हळूच विचारलंत, "वरची ओळ?"

"ती छापताना येईल," मी म्हटलं.

तुम्ही मान हलवलीत. विश्वास ठेवला असावा. मला माहीत नाही.

गणपतीत मी पत्रक काढलं. इमारतीखालच्या मोकळ्या व्हॉइड डेकवर आरती झाली, लोक प्रसादाच्या रांगेत होते आणि मी प्रत्येकाच्या हातात एक कागद दिला. वर ठळक अक्षरात, "आपल्या जिन्यावरची कोर्नेलिया कोण?" खाली तुमच्या प्रकरणातला एक परिच्छेद. त्याखाली माझे प्रश्न. तुमच्या ऑफिसातून कुणाला रातोरात काढलं तेव्हा तुम्ही काय केलंत? तुमच्या घरात काम करणाऱ्या बाईचा पासपोर्ट कुणाच्या कपाटात आहे?

प्रश्न चुकीचे नव्हते. ते मी मागे घेणार नाही. पण तुम्ही जे बरोबरचं चिन्ह घालू नकोस म्हणालात ते मी घातलं. हॉलंड आणि यिशुन एका पानावर, मध्ये एक रेघसुद्धा नाही.

केळुसकर माझ्याकडे आले, पत्रक घडी करून खिशात घालत. "मुक्ता, इथे परवानगीशिवाय एक कागद वाटायचा नसतो, हे तुला माहीत नाही? लोकांना पास रिन्यू करायचे असतात. पीआरचे, कायम राहायचे अर्ज पडलेत. आपण पाहुणे आहोत इथे."

"पाहुण्यांनी काय करायचं? जिना पुसायचा?"

"तू मला कोर्नेलिया म्हणतेस?"

"तुम्हीच म्हणताय."

असं मी बोलले. टाळ्या पडल्यासारखं वाटलं मला, आतल्या आत. त्या दिवशी अकराव्या प्रकरणाचा निकाल लागला होता, काकू. गुरुवारच्या पाच हातांनी तो फक्त लिहून घेतला. प्रत्येकाला वाटलं की ते प्रकरण त्याच्यावर लिहिलंय, कारण मी ते तसं त्याच्या हातात दिलं होतं.

तुमच्या हातात मी पत्रक दिलं तेव्हा तुम्ही भिंग काढून ते पूर्ण वाचलंत. चार घड्या घालून पर्समध्ये ठेवलंत. म्हणालात, "छपाई स्वच्छ आहे." नंतर मी तुम्हाला ब्लॉकपर्यंत सोडायला आले. लिफ्टपाशी तुम्ही थांबलात. "तुला उत्तर माहीत होतं. तरी प्रश्न दुसऱ्यांना विचारलास." लिफ्ट आली. तुम्ही आत गेलात.

त्यानंतर आपण दोन रविवार भेटलो. तुम्ही त्याबद्दल पुन्हा बोलला नाहीत, मला थालीपीठ खायला घातलंत, माझ्या नव्या फॉर्मवर टिंबं काढलीत. मी माफी मागायची ठरवून आले होते दोन्ही वेळा. दोन्ही वेळा वाटलं, पुस्तक छापायची वेळ आली की ओळ घालू आणि मग सांगू. काम झाल्यावर सांगितलं की माफी सोपी जाते. तिसऱ्या रविवारच्या आधी मंगळवार आला आणि तुम्ही गेलात.

म्हणून गुरुवारी मी गप्प बसले. मी विचारणार होते, प्रकरण गाळायचा तुम्हाला काय अधिकार? केळुसकर सांगत होते की दहाव्यातलीही एक ओळ काढावी लागेल, ती दोन मुलं मागे राहिल्याची, म्हणजे सगळी अकरा गाडीत बसतील आणि कथा पूर्ण होईल. "एकच तर ओळ आहे," ते म्हणाले. आणि मला माझाच आवाज ऐकू आला.

शुक्रवारी मी तुमच्या मुलाकडे गेले, पुंगोलला. निरंजन ठरावाच्या बाजूचा होता. "आईचं शेवटचं काम आहे, लोकांना आवडेल असं होऊ दे," असं त्याने फोनवर सांगितलं होतं. मी त्याच्यासमोर तुमच्या हातचं पान ठेवलं. त्याने ओळ वाचली. मग मी दत्ताची गोष्ट सांगितली, आणि ओळ मीच गाळली होती हेही. त्याने पान उलटलं. मागे एका जुन्या फॉर्मवर कुणाचा तरी पत्ता होता, तो त्याने वाचला, मग पुन्हा पुढची बाजू.

त्याची लेक ईरा अभ्यास सोडून आली. बारा वर्षांची, पण आजीचं अक्षर तिला लागतं, तुम्हीच शिकवलंत. तिने ओळ वाचून वडिलांना इथल्या शाळेतल्या इंग्रजीत विचारलं, "आजी रोट धिस, हां? देन व्हाय यू ऑल डोन्ट वॉन्ट टु प्रिंट?"

"लोकांना वाईट वाटेल," निरंजन म्हणाला.

"बट शी ऑलरेडी सेड इट्स हर. नॉट देम व्हॉट."

निरंजन हसला नाही. मला म्हणाला, "मला हे कधी सांगितलं नाही तिने." मग, "अक्षर तिचं आहे. तिने लिहिलंय ते मी खोडणार नाही. तू लोकांना सांग, माझं नाव घालून सांग." म्हणून घातलं.

काकू, तुम्हाला मी देवी करणार नाही. तुम्ही एका माणसाचा पत्ता दिलात, आणि मग उरलेलं आयुष्य कुणालाही न सांगता, माझ्यासारख्या किती जणांचे फॉर्म दिवाणखान्यात बसून नीट करून दिलेत, ते मला मोजता येणार नाही. एकाने दुसरं पुसलं जात नाही, हे तुम्हीच लिहिलंत. पुस्तक हेंड्रिकापाशी संपवलं असतंत तर सगळ्यांनी तुमचं कौतुक केलं असतं, मी सगळ्यात आधी. तुम्ही संपवलं नाहीत. मला आज ज्या धीराची गरज आहे तो तुमच्या दहा प्रकरणांत नाही, त्या एका ओळीत आहे. थँक्यू म्हणायचं राहिलं. सॉरी म्हणायचंही.

आता जरा थांबा, मला यांच्याशी बोलायचं आहे.

वाचनमंडळाच्या सभासदांनो, चूक आधी माझी. गणपतीतल्या पत्रकात मी शरयूकाकूंचं लिखाण तुमच्यावर फेकलं आणि त्यांनी स्वतःवर घेतलेला आरोप लपवला. त्यासाठी मी तुमचीही माफी मागते, केळुसकरकाका, तुमचं नाव घेऊन. ते प्रकरण तुमच्यावर नव्हतं. आता ते कुणावर आहे हे तुम्हाला माहीत आहे, आणि आता ते गाळलंत तर मात्र ते तुम्ही गाळलेलं असेल.

या रविवारी सकाळी साडेदहाला निरंजनच्या कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये शोकसभा आहे. सभेआधी मी ठराव पुन्हा मांडणार आहे: पुस्तक अकरा प्रकरणांचं निघेल, दहाव्यात दोन मुलं मागेच राहतील, आणि अकराव्याच्या वर काकूंची ओळ त्यांच्याच अक्षरात छापली जाईल. फुलं आणू नका. या पत्रासोबत अकरावं प्रकरण जोडलं आहे, ते घरून वाचून या. मग हात वर करा. आणि ज्यांना नको असेल त्यांनी गर्दीत खाली बघत बसू नका. उभे राहा, स्वतःचं पूर्ण नाव सांगा, आणि शरयूकाकूंच्या मुलाकडे बघून म्हणा की नको.